तुम्ही विचारलंत म्हणून: एका दिवसात होईल असा उपक्रम

पाऊस सुरू झाला की मला फोन येऊ लागतात. कधी कॉलेजच्या एनएसएसचे (राष्ट्रीय सेवा योजनेचे) सर असतात, कधी अकरावीतल्या एखाद्या मुलीची आई. प्रश्न तोच: "मुलांना पर्यावरणासाठी काहीतरी करायचंय हो. एका दिवसात होईल असा एखादा उपक्रम सुचवा ना." पुण्यात कचऱ्याच्या कामात असलेल्या माणसांमध्ये मी बरीच वर्षं वावरते, म्हणून हा प्रश्न माझ्या वाट्याला येतो. फोनवर मी "बघते, कळवते" म्हणून वेळ मारून नेते. आज जरा सविस्तर सांगते.

विचारणाऱ्याच्या डोक्यात तीन पर्याय आधीच असतात. वृक्षारोपण, किल्ल्याची सफाई आणि प्लॅस्टिक गोळा करणं. झाडांबद्दल फार बोलत नाही. जुलैत खड्डे खणायला हवे तेवढे हात मिळतात. फेब्रुवारी ते मे पाणी कोण घालणार हे ठरलेलं असेल तर खुशाल लावा, नसेल तर रोपं नर्सरीतच बरी. किल्ल्यावरून पोती भरून खाली आणलीत, उत्तम. पण ती पायथ्याच्या गावात ठेवून परतीची एसटी पकडणार असाल, तर त्या ग्रामपंचायतीला आधी विचारा की यांचं पुढं काय करायचं. बहुतेक ठिकाणी उत्तर काडेपेटी हेच असतं.

तिसऱ्या पर्यायाबद्दल मात्र मला बोलायचंय, कारण तो सगळ्यात शहाणा वाटतो आणि नुकसान तोच करतो.

पुण्यात १९९३ साली कचरा वेचणाऱ्यांची संघटना उभी राहिली, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. तिच्यातूनच 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था निघाली, २००८ मध्ये तिचा महापालिकेशी करार झाला आणि दारोदार जाऊन कचरा गोळा करायचं काम या लोकांकडे आलं. त्यात बायका जास्त, आणि बहुतेकजणी दलित समाजातल्या. पूर्वी त्या कुंड्यांमधून वेचायच्या, आता तुमच्या दारात येतात. त्यांची कमाई दोन बाजूंनी होते: दरमहा घरटी मिळणारे पैसे आणि सुक्या कचऱ्यातून निघणारं भंगार. त्या भंगारात भाव असलेल्या वस्तू मोजक्याच. पुठ्ठा, रद्दी, पाण्याच्या बाटल्या, पत्रा, दुधाच्या पिशव्या. वेफर्सची पाकिटं, शाम्पूच्या पुड्या, थर्माकोल यांना भंगारवाला हात लावत नाही.

आता कॉलेजची मुलं रविवारी सोसायटीत येऊन 'रिसायकलिंगसाठी' काय घेऊन जातात? बाटल्या आणि पुठ्ठा. स्वच्छ, कोरडं, फोटोत बरं दिसणारं. सोमवारी सकाळी कचरावेचक ताई येतात तेव्हा त्यांच्यासाठी राहिलेला असतो ओला कचरा, डायपर आणि वेफर्सची पाकिटं. मुलांच्या मनात काही वाईट नसतं, पण त्यांनी जे नेलं ते ताईंच्या महिन्याच्या हिशेबातलं होतं. भंगार विकून आलेले पैसे मुलं मग एखाद्या संस्थेला देणगी म्हणून देतात, त्याचाही कार्यक्रम होतो.

म्हणून आता कुणी उपक्रम विचारला की मी उलट विचारते, "यानं कुणाचं काम हलकं होणारे? त्या माणसाला विचारलंत का?"

विचारून बघा. सकाळी ताई येतात तेव्हा पाच मिनिटं खाली उतरा. त्या जे सांगतील त्यात वसुंधरा वगैरे नसेल. फुटलेली काच वेगळी, कागदात गुंडाळून द्या. सॅनिटरी पॅड वर्तमानपत्रात बांधून त्यावर लाल ठिपका काढा, म्हणजे उघडून बघावं लागत नाही. (हा ठिपका पुण्यात या कष्टकरी बायकांच्या आग्रहातूनच आला. पॅड आणि डायपर नीट गुंडाळून देणं घनकचरा नियमांतही लिहिलेलं आहे, पण नियम वाचून कुणी ठिपका काढत नाही.) ओला कचरा पिशवीत बांधून देऊ नका, ती पिशवी त्यांना हातानं फाडावी लागते. दुधाच्या पिशवीचा कोपरा पुरता तोडू नका. तो इवलासा तुकडा कुणालाच वेचता येत नाही.

आणि हमखास आणखी एक गोष्ट निघते: लिफ्ट.

एका मुलीची हकिकत सांगते, नाव नको. दुसऱ्या वर्षाला होती, पर्यावरण विषयाचा प्रकल्प करायचा म्हणून आली. मी तिला ताईंशी बोलायला लावलं. ताईंनी तिला तिच्याच इमारतीतली पाटी दाखवली: 'कचरेवाले व डिलिव्हरीवाले यांनी लिफ्टचा वापर करू नये.' पाटी तिच्या जन्माच्या आधीपासूनची असावी, तिनं रोज पाहिलेली. सातवा मजला, दोन्ही हातात बादल्या, गुडघे पन्नाशीचे. मुलीनं सोसायटीला पत्र लिहिलं. अडचण अशी की सोसायटीचे खजिनदार तिचे बाबाच. घरात चार दिवस अबोला. "कुत्र्याला लिफ्ट चालते, बाबा," असं ती एकदा जेवताना म्हणाली, त्यावर आजीच हसली म्हणे. सर्वसाधारण सभेत विषय निघाला, वास येतो, बटणं खराब होतात, उद्या सगळेच वापरतील, सगळं झालं. शेवटी पाटी काढली. लिफ्टमधले काहीजण अजूनही दार लावून घेत "तुम्ही नंतर या" म्हणतात, ते काही ठरावानं बंद होत नाही. प्रकल्पाला तिला किती गुण मिळाले मी विचारलं नाही. माझ्या पाहण्यातलं हे सगळ्यात अवघड पर्यावरणकार्य. समुद्रकिनारा साफ करताना बाबांशी भांडावं लागत नाही.

दुसरं काम कागदाचं. मुलांना ते कंटाळवाणं वाटतं आणि दोन-तीन महिन्यांत त्यांना त्याचीच चटक लागते. आपल्या वॉर्डातला ओला कचरा कुठं जातो? बायोगॅसचा प्रकल्प बांधलाय तो चालतो का, चालला तर महिन्यातले किती दिवस? हे फेसबुकवर विचारून कळत नाही. माहिती अधिकाराचा अर्ज करायला महाराष्ट्रात दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप पुरतो, उत्तराची मुदत तीस दिवस. अर्ज एकाच विषयावरचा आणि दीडशे शब्दांच्या आत हवा. निबंध लिहायची सवय लागलेल्या मुलांना ही अट फार उपकारक ठरते. त्याहून सोपी वाट म्हणजे महापालिकेत जाऊन कागद प्रत्यक्ष बघणं. दर सोमवारी दुपारी ३ ते ५ अशी ही सोय पुण्यातल्या कार्यकर्त्यांनी आधी आपल्या महापालिकेत मिळवली होती आणि २०१८ मध्ये सरकारनं ती राज्यातल्या सगळ्या स्थानिक स्वराज्य संस्थांना लागू केली होती. ती अजून चालू आहे का, एवढं आधी विचारून घ्या. गर्दी अजिबात नसते. पहिल्या वेळी "कुणी पाठवलं?" असं विचारतील. "कुणी नाही, मी इथंच राहते" एवढं सांगा आणि बसून राहा.

आणि एकदा पुण्याजवळच्या फुरसुंगी गावाला जा. सहल म्हणा हवं तर. पूर्वी पुण्याचा कचरा कोथरूडला पडायचा. आता त्या जागेवर मेट्रोचा डेपो आहे. कोथरूड वाढलं तसा कचरा उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या वेशीवर गेला, आणि तिथल्या विहिरी नासल्या. २०१७ च्या उन्हाळ्यात तिथल्या कचरा डेपोला आग लागली आणि गावकऱ्यांनी पुण्याच्या गाड्या अडवल्या. शहरात कचरा साठला तेव्हा कुठं पेठांमधल्या लोकांना ही गावं आठवली. त्या गावातल्या तुमच्याच वयाच्या मुलांशी बोला. त्यांना 'कचरा कमी करा' हे पोस्टर दाखवू नका, एवढी विनंती.

पालक विचारतात, यात काही त्रास तर होणार नाही ना? खरं सांगायचं तर वैताग होतो. अर्ज हरवतात, साहेब मीटिंगमध्ये असतात, ज्यांना मुलं 'काका' म्हणत मोठी झाली ते ओळख दाखवत नाहीत. म्हणून एकट्यानं जाऊ नये, दोघातिघांनी जावं. बोलणं झालं की त्याचा सारांश कागदावर लिहून आवक विभागात द्यावा आणि पोच घ्यावी. त्यावरचा आवक क्रमांक जपून ठेवावा. तोंडी "हो, करू" हे ऐकायला छान असतं, पुढच्या खेपेला ते कुणालाच आठवत नाही.

एवढं सांगूनही सर म्हणतात, "मॅडम, ते सगळं खरं, पण मुलांचे एनएसएसचे वर्षाचे एकशेवीस तास भरायचेत. एखादा दिवस तरी?"

बरं. अनंत चतुर्दशीला विसर्जन घाटावर या. तिथं निर्माल्य डोंगरासारखं येतं, त्यात हार, दूर्वा, केवडा आणि या सगळ्यात गुंतलेले नायलॉनचे दोरे, थर्माकोलचे मणी, जरीच्या पट्ट्या, प्लॅस्टिकच्या पिशव्या. ते वेगळं केलं नाही तर खत होत नाही. कचरावेचक ताई रात्री उशिरापर्यंत उभ्या राहून हे काम करतात आणि तिथं जास्तीचे हात खरोखर लागतात, त्यांनीच सांगितलेलं आहे. आल्यावर आधी त्यांना विचारा कुठं उभं राहायचं. मुलांना जुने कपडे घालायला सांगा, हातमोजे आणि कात्री बरोबर द्या, दोरे दातांनी तुटत नाहीत. बॅनर नको. चहा तिथं मिळतो. प्रमाणपत्राचं तुमचं तुम्ही बघा.