तिसऱ्या सिलेंडरचे मिसिंग

साताऱ्यातील आमच्या गॅरेजमध्ये ऐन पावसाळ्यात एक निवृत्त शिक्षक आपली चार सिलेंडरची पेट्रोल गाडी घेऊन आले. सपाट रस्त्यावर सावकाश चालवताना गाडी सुरळीत असे. मात्र चढावर किंवा ओव्हरटेक करताना ॲक्सिलरेटर दाबला की ती झटके मारू लागे, पिकअप जाई आणि डॅशबोर्डवरील इंजिनचा दिवा लुकलुकू लागे. त्याआधी दुसऱ्या एका गॅरेजमध्ये ठिणगी पाडणारे चारही प्लग बदलून झाले होते, पेट्रोल फवारणारे इंजेक्टर साफ करून झाले होते आणि आता पेट्रोल पंप बदलावा लागेल, असे त्यांना सांगण्यात आले होते. "खर्चाला माझी ना नाही, पण नेमके काय बिघडले आहे ते आधी कळू द्या," असे ते म्हणाले, आणि ही मागणी मला पूर्णपणे रास्त वाटली.

दिवा नुसता पेटून राहिला असेल, तर गाडी सहसा जपून गॅरेजपर्यंत आणता येते. तो लुकलुकत असेल, तर न जळलेले पेट्रोल एक्झॉस्टमध्ये जाऊन तिथला धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर अतोनात तापत असतो, म्हणून अशी गाडी मी ग्राहकाला तशीच चालवत परत नेऊ देत नाही.

स्कॅनर लावल्यावर पी-०३०३ हा कोड मिळाला, म्हणजे तिसऱ्या सिलेंडरमध्ये मिसिंग: तिथले पेट्रोल अधूनमधून जळतच नव्हते. असा स्फोट चुकला की क्रँकशाफ्टची, म्हणजे इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याची, गती क्षणभर मंदावते, आणि क्रँक सेन्सरवरून ते ओळखून इंजिनचा संगणक नेमक्या सिलेंडरवर बोट ठेवतो. त्याच वेळी फ्युएल ट्रिमचे, म्हणजे संगणक पेट्रोल किती वाढवतो किंवा घटवतो त्याचे, आकडे मात्र इंधन कमी पडत असल्याचे दाखवत होते, आणि पंपाचा संशय बहुधा त्यावरूनच आला असावा. वास्तविक ज्या सिलेंडरमध्ये ज्वलन होत नाही, त्यातला ऑक्सिजन न वापरला जाता तसाच बाहेर पडतो. ऑक्सिजन सेन्सरला तो जास्तीचा ऑक्सिजन दिसतो आणि संगणक मिश्रणात पेट्रोल कमी आहे असे समजून ते वाढवत राहतो. शिवाय पंप खरोखर अशक्त असता, तर त्याचा परिणाम चारही सिलेंडरवर दिसला असता. तरीही खात्रीसाठी प्रेशर गेज जोडून आम्ही यवतेश्वरचा घाट तिसऱ्या गिअरमध्ये चढलो. गाडीने झटके मारले, पण पेट्रोलचा दाब जागचा हलला नाही.

पेट्रोल पुरेसे होते, तेव्हा संशय ठिणगीवर आला. मग लोडवरच, म्हणजे इंजिनवर ताण आल्यावरच, ती का चुकत होती? थ्रॉटल, म्हणजे हवेची झडप, उघडला की सिलेंडरमध्ये अधिक हवा भरते, ठिणगीच्या वेळचा दाब वाढतो, आणि दाब वाढला की प्लगच्या फटीतून ठिणगी पडायला अधिक व्होल्टेज लागते. प्रत्येक प्लगला वीज पुरवणारी एक कॉईल असते आणि ती रबरी बुटाने प्लगवर बसते. या बुटाचे इन्सुलेशन जरा जरी खराब असेल, तरी आयडलिंगला ते निभावते. लोड आला की मात्र विजेला प्लगच्या फटीपेक्षा बुटातून बाहेर पडून इंजिन हेडला पोहोचणे सोपे वाटते.

पहिल्या आणि तिसऱ्या सिलेंडरच्या कॉईलची अदलाबदल करून पुन्हा घाट चढलो, तेव्हा कोड पी-०३०१ झाला. दोष कॉईलबरोबर सरकला होता. अनेक ठिकाणी काम इथेच संपते: नवी कॉईल टाकायची आणि गाडी द्यायची. पण तिसऱ्या सिलेंडरची कॉईल काढताना तिच्या बुटाला मऊ, फुगीर स्पर्श जाणवला होता. प्लग ज्या खोल खाचेत बसतो त्या विहिरीत टॉर्च मारला, तर तळाशी इंजिन ऑइल साचलेले होते. तेलाने रबर फुगले होते, त्याच्या आतील बाजूस काळी रेघ उमटली होती, आणि नुकत्याच बदललेल्या प्लगच्या पोर्सेलिनवरही तशीच रेघ होती. अशा वेळी कॉईल आणि प्लग दोन्ही बदलावे लागतात, कारण एकावर राहिलेली ती काळी रेघ, म्हणजे वीज निसटण्याची कार्बनची वाट, दुसऱ्या नव्या भागालाही खराब करते.

तेल येत होते इंजिनच्या वरच्या झाकणाच्या, म्हणजे टॅपेट कव्हरच्या, आतील प्लग-ट्यूबच्या सीलमधून. सील कडक झाले होते, पण केवळ वयामुळे ते इतके गळतील असे मला वाटेना, म्हणून इंजिनच्या खालच्या भागातले, म्हणजे क्रँककेसमधले, वायू बाहेर काढणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह काढून पाहिला. तो काजळीने चिकटून बंद पडला होता. क्रँककेसमधली वाफ आणि वायू बाहेर पडायला वाट न मिळाल्याने आतला दाब वाढत होता आणि तोच तेलाला सीलबाहेर ढकलत होता. हा स्वस्तातला व्हॉल्व्ह तसाच ठेवला असता, तर नव्या कॉईलचीही काही महिन्यांत तीच गत झाली असती.

विहीर पूर्ण कोरडी करून पीसीव्ही व्हॉल्व्ह, टॅपेट कव्हरचे पॅकिंग, ट्यूबचे सील, एक कॉईल आणि एक प्लग बदलला. काढलेले सर्व भाग सरांसमोर मांडून कोणत्या भागामुळे कोणता बिघडला तो क्रम दाखवला, आणि त्यांनी तो पीसीव्ही व्हॉल्व्हपर्यंत बारकाईने विचारून घेतला. त्यांना शेजारी बसवून घाटात गाडी नेली, तेव्हा चारही सिलेंडरच्या मिसिंगचा आकडा शून्यावर राहिला. पुढच्या सर्व्हिसला तिसरी कॉईल मी मुद्दाम उघडली. विहीर कोरडी होती आणि फ्युएल ट्रिमही शून्याच्या आसपास आला होता.