तुम्ही विचारलंत म्हणून: माझी सगळ्यात भारी गिग

चार गाणंवेडी माणसं जमली की विषय फिरून तिथेच येतो. कुणी पहिल्या कॅसेटचं सांगतं, कुणी पावसात भिजत ऐकलेल्या एन्कोरचं, म्हणजे शो संपल्यावर लोकांच्या आग्रहाखातर पुन्हा वाजवलेल्या गाण्यांचं, कुणी अजून जपून ठेवलेल्या सेटलिस्टच्या चुरगळलेल्या कागदाचं. मग माझ्याकडे वळून: "तू एवढे शो बघितलेस, सगळ्यात भारी कुठला?" मी दरवेळी काहीतरी वेगळंच नाव ठोकून देते. परवा पुन्हा विचारलंत, आणि वर "ही नेहमी टाळते" असंही म्हणालात. म्हणून एकदाचं लिहून टाकते.

माझ्या डाव्या कानात शिट्टी वाजते, हे तुम्हाला माहीत आहेच. ती ज्या रात्री आली, तीच माझी सगळ्यात भारी गिग. टाळायचं कारण एवढंच. हे ऐकून लोक एकतर हळहळतात, नाहीतर "कमाल!" म्हणतात. मला दोन्ही नको असतं.

बँडचं नाव सांगणार नाही. त्यांनी मला स्पीकरला बांधून ठेवलं नव्हतं.

मी डाव्या बाजूला, स्पीकरच्या भिंतीपुढे, बॅरिकेडला पोट टेकवून उभी होते. मित्राने फोमच्या बोळ्यांची पिवळी जोडी पुढे केली. "कान बंदच करायचे तर घरी बसले असते," मी म्हणाले. वाक्य झकास जमलं होतं, आजूबाजूचे दोघंतिघं हसलेसुद्धा. तीन माणसांच्या हसण्यासाठी!

मुख्य सेट संपता संपता डाव्या कानात सुई टोचल्यासारखं झालं. मग एन्कोर. शेवटचं गाणं त्यांनी संपवलंच नाही. गिटारी अँपला टेकवल्या आणि फीडबॅक, गिटार आणि स्पीकरमध्ये घुमत राहणारा तो किंचाळता आवाज, वाढत गेला, वाढतच गेला. बेस कानांनी नाही, बरगड्यांनी ऐकू येत होता. कुर्त्याची बाही थरथरत होती. काही वेळाने त्या गोंगाटातून मला चक्क सूर ऐकू यायला लागले, कुणीच वाजवत नसलेले. एक बारीकशी धून, वर तरंगणारी. मी रडत होते आणि ते मला गालाला हात लागल्यावर कळलं. तसं काही मी त्याआधी ऐकलं नव्हतं. नंतरही नाही, आणि नंतर मी पुष्कळ ऐकलंय.

बाहेर पडले तर सगळं जग कापसात गुंडाळलेलं. ते नेहमीचंच होतं. दुसऱ्या दिवशी शिट्टी होती, तिचंही मला कौतुक: चांगल्या शोची पावती! चौथ्या रात्री वाटलं, चार्जर गुणगुणतोय. काढला. मग फ्रिज बंद केला. मग राउटर. शेवटी खुर्चीवर चढून मेन स्विचच पाडला. घर इतकं शांत मी कधी ऐकलं नव्हतं, आणि त्या शांततेत शिट्टी आणखी मोठी झाली. अंधारात मी तशीच खुर्चीवर उभी राहिले. खाली उतरून करायचं काय, ते सुचेना.

तपासणीच्या आलेखात ४००० हर्ट्झपाशी खड्डा निघाला. मोठ्या आवाजाने झालेल्या इजेची ही ठरलेली खूण. आतल्या कानातल्या केसपेशी एकदा मेल्या की पक्ष्यांना नव्या येतात, आपल्याला येत नाहीत. शिट्टीचा सूर जुळवून पाहिला, तो ६००० हर्ट्झच्या आसपास. पियानोची अगदी शेवटची पट्टी ४१८६ ची. म्हणजे माझा सूर पियानोच्याही पलीकडचा! हे मी काही वर्षं मिरवलं. 'द हू' या इंग्लिश रॉक बँडचा गिटारवाला पीट टाउनशेंड, त्याचे कान गेले, 'एसी/डीसी'चा गायक ब्रायन जॉन्सन, त्याला २०१६ साली कानांपायी दौरा अर्ध्यावर सोडावा लागला, आणि मी जणू त्यांच्याच पंगतीतली. १९७६ साली 'द हू'ने लंडनमधल्या चार्लटनच्या मैदानावर ३२ मीटरवरून १२६ डेसिबल नोंदवून गिनेसमध्ये नाव लावलं, हा किस्सा तुम्हाला मीच रंगवून सांगितलाय. पुढे कानांच्या काळजीने गिनेसने हा विक्रम नोंदवणंच थांबवलं, तेवढं मात्र मी गाळायचे.

"पण तुला माहीत नव्हतं का?" होतं. ८५ डेसिबल आठ तास चालतात, वरच्या दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते, म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं. हा हिशेब मी तेव्हाही दुसऱ्यांना तोंडपाठ सांगायचे. तिथे मी दोन तास होते.

आता मी मागे, मिक्सरच्या टेबलापाशी उभी राहते, कानात फिल्टरवाले बोळे. फोमने झांजांचा जीव जातो, यांनी सगळंच सारखं खाली येतं. आणि आवाज तिथेच सगळ्यात नीट लागतो, साउंड इंजिनिअर तिथूनच तर तोल साधत असतो. हे खरं आहे. स्वतःची समजूत घालायलाही मी हेच म्हणते, तेही खरं आहे. बॅरिकेडला चिकटलेल्या पोरांकडे बघून मला काळजी वाटायला हवी. हेवा वाटतो.

तुमच्यातलाच एकजण म्हणाला होता, ती शिट्टी म्हणजे त्या रात्रीची आठवणच की. असलं काव्य पहाटे तीन वाजता करून दाखवा.

पुन्हा ती रात्र मिळाली तर बोळे घालशील का? दिवसा विचारलंत तर हो म्हणेन. पण बोळे घातले असते तर ती धून ऐकू आली असती का, इथे माझं गाडं अडतं. आली असती, असं मी स्वतःला बऱ्याचदा पटवलंय. पटलेलं टिकत नाही.

एक मात्र आहे. सगळ्यांना, कानाच्या डॉक्टरांनाही, मी सांगत आलेय की गर्दी इतकी होती, मागे सरकताच येईना. एन्कोरच्या आधी दोन मिनिटं दिवे लागले होते. मी कान दाबून मागे वळून पाहिलं होतं. चांगली चार पावलं जागा मोकळी होती, आणि तिथून मित्र हात हलवून बोलावत होता.