राज्य उतरेना

लपाछपीत ज्याच्यावर राज्य यायचं त्याला निदान एक आशा असायची. कुणीतरी सापडेल, राज्य उतरेल, मग आपणही जिन्याखाली दडून बसू. माझ्यावर २०१६ च्या पावसाळ्यात राज्य आलं, ते उतरायला आठ वर्षं लागली.

खेळ डन्जन्स अँड ड्रॅगन्स. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: चार-पाच जण टेबलाभोवती (आमच्याकडे चटईवर) बसतात, प्रत्येक जण एकेक पात्र घेतो, कुणी तलवारबाज, कुणी चेटकीण, कुणी भुरटा चोर, आणि बोलत बोलत सगळे मिळून गोष्ट घडवतात. एखादी गोष्ट जमली की फसली हे फासे ठरवतात. एक जण मात्र पात्र घेत नाही. उरलेलं सगळं जग त्याच्या अंगावर. राक्षस तो, सराईचा मालक तो, पाऊस तो आणि नियमांचा निवाडाही त्याचाच. त्याला गेम मास्टर म्हणतात, म्हणजे जीएम. फोनवरचं आमचं बोलणं ऐकून आजीने शेजारच्या काकूंना सांगून टाकलं की नातू जीएम झाला. कुठल्या बँकेत, तेवढं तिला सांगता आलं नाही.

जीएम व्हायचं असं मी काही ठरवलं नव्हतं. नवशिक्यांसाठीचा २०१४ चा खोका मी मागवला, एवढाच माझा गुन्हा. आत ३२ पानी नियमपुस्तिका, ६४ पानी साहस, तयार पात्रांचे ५ कागद आणि ६ फासे. पाच कागद पाच जणांनी पटापट उचलले. चौसष्ट पानं उरली आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. गल्लीत बॅट ज्याची त्याची पहिली बॅटिंग; इथे उलटं, खोका ज्याचा त्याच्यावर राज्य.

मंडळी म्हणजे एक सीए, त्याची बायको, एक डॉक्टर, शाळेत शिकवणारी एक मैत्रीण आणि माझा मामेभाऊ. नावं घेत नाही. सगळे अजून माझ्याशी बोलतात, ते तसंच राहावं. अड्डा कोथरूडला, सीएच्या हॉलमध्ये. गॉब्लिन (छोटे, दुष्ट राक्षस) म्हणजे कॅरमच्या काळ्या सोंगट्या, त्यांचा म्होरक्या म्हणजे बुद्धिबळाचा उंट, आणि माझे कागद कुणाला दिसू नयेत म्हणून समोर उभी केलेली जुनी बॉक्स फाइल. मजा यायची, खोटं कशाला बोलू. मामेभावाने दारातल्या पहारेकऱ्याला लाच देण्याऐवजी त्याच्या आईची चौकशी केली, आणि दोन मिनिटांत त्या बिननावाच्या पहारेकऱ्याला आजारी आई, कर्ज आणि न झालेलं लग्न एवढं सगळं मला जागच्या जागी द्यावं लागलं, ती रात्र मी विसरणार नाही.

पण एका शनिवारच्या तीन तासांसाठी आधी तीन-चार तास माझे जायचे. नकाशे काढा, शत्रूंचे आकडे मांडा, सराईवाल्याला कोल्हापुरी हेल द्यायचा की मालवणी ते ठरवा. आणि त्याआधी तारीख. 'या शनिवारी जमतंय का' हा मेसेज मी किती वेळा टाकला असेल याची गणतीच नाही. पोलमध्ये चार 'हो', एक 'सांगतो', आणि तो 'सांगतो' शनिवारी दुपारी चार वाजता 'नाही' व्हायचा. तिकडे खेळाडूंची तयारी म्हणाल तर सातव्या वर्षीसुद्धा सीए विचारायचा, "हल्ल्याला कुठला फासा रे?" वीस बाजूंचा. नेहमी वीस बाजूंचाच असतो.

आता वहीबद्दल सांगतो, कारण खरं दुखणं तिथे होतं. माझ्याकडे एक दोनशे पानी वही आहे. तीत मी स्वतःसाठी पात्रं बनवून ठेवायचो. चौदा झाली होती. प्रत्येकाचं गाव, सवयी, कुणाशी वैर, सगळं लिहिलेलं. खेळायला एकही मिळालं नाही. मग मी चोरी सुरू केली. खेळाडूंना वाटेत भेटणारी माणसं म्हणून हीच पात्रं घुसडायची. त्यातली एक म्हातारी जादूगारीण होती, पूर्वी सैन्याबरोबर फिरून भाते आणि तलवारी दुरुस्त करणारी. तिचं बोलणं मी आंघोळ करताना घोकायचो. ती पुलावर उभी राहिली, तोंड उघडलं आणि मैत्रीण म्हणाली, "ही संशयास्पद आहे." दुसऱ्या फेरीत मेली. सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. मी फाइलच्या आड तिचा कागद खालीवर करत बसलो आणि तिच्या खिशात किती नाणी सापडली ते त्यांना सांगितलं.

२०२३ मध्ये ती लांबलेली मोहीम संपली. संपली म्हणजे तारखा जुळेनात, मग कुणी विचारेनासं झालं. मी म्हटलं, आता खेळायचं तर खेळाडू म्हणून. आधी बाहेर प्रयत्न केला. ऑनलाइन अनोळखी लोकांच्या गटात जागा मिळाली, अमेरिकेतली संध्याकाळ म्हणजे आपली पहाटे साडेपाच. एका जीएमच्या जागेसाठी कुणी येत नाही आणि खेळाडूच्या एका जागेसाठी झुंबड उडते, हे तिथे कळलं. तीन बैठका झाल्या, चौथ्या पहाटे मी चहा घेऊन बसलो आणि जीएमच गायब. त्याला शिव्या घालाव्या असं वाटलं नाही. मला त्याचं पार कळत होतं.

मग सीएला गळ घातली. तो तयार झाला, आणि मी काय करावं? हौसेने आणलेली तिन्ही जाड पुस्तकं त्याच्या हातात ठेवली. खेळाडूंचं, जीएमचं आणि राक्षसांचं मिळून हजारच्या आसपास पानं. मार्च एंडिंग संपवून आलेला माणूस तो. तरी बिचाऱ्याने वाचली. पहिल्या लढाईत त्याच्या गॉब्लिनने बाण मारला आणि तो पुढच्याकडे वळणार, तेवढ्यात मी म्हणालो, "अरे, गॉब्लिनला हल्ल्यानंतर लपताही येतं. बोनस कृती असते त्यांची." नियम बरोबर होता. थोड्या वेळाने पुन्हा एकदा बोललो. तिसऱ्यांदा मी काही बोललोच नाही, नुसती भुवई उडाली असेल, पण त्यानंतर तो प्रत्येक निवाड्याआधी माझ्या तोंडाकडे बघायला लागला. तासाभरात त्याने पुस्तक मिटलं. "तूच घे रे बाबा." मी घेतलंही. लाज वाटते सांगायला, पण बरं वाटलं.

निघताना सीएची बायको जिन्यापर्यंत आली. म्हणाली, "दादा, एक सांगू? तुम्हाला राज्य नकोय असं तुम्ही म्हणता. पण आउट कुणालाच होऊ देत नाही."

पुढचे दोन महिने आम्ही काहीच खेळलो नाही.

त्या दिवसांत मी या खेळाचं मूळ वाचत बसलो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ मध्ये अमेरिकेत तो छापला, पहिल्या खेपेला फक्त हजार प्रती. दोघेही शिशाचे सैनिक मांडून युद्धाचे डाव खेळणाऱ्यांतले. तसल्या डावांत पंच असायचा. त्याच्याही आधी, एकोणिसाव्या शतकात, प्रशियाच्या सैन्यातले अधिकारी नकाशावर लढाया खेळायचे तेव्हाही निवाडा द्यायला पंच लागायचा. म्हणजे माझी खुर्ची ही मुळात पंचाची खुर्ची. पुढे कुणीतरी त्याच खुर्चीवर कथेकरी बसवला, मग यजमान बसवला, आणि आमच्याकडे तर तारखा जुळवणारा कारकूनही तिथेच. एका खुर्चीत चार माणसं. पंच नसलेला खेळ असतो का, हे शोधायची बुद्धी मला तेव्हा झाली.

असतो. बरेच असतात. आम्ही 'द क्वायट इयर' घेतला. त्यात जीएम नाही. कोरा कागद, पत्त्यांचा एक कॅट, आणि सगळे मिळून एका वस्तीचं एक वर्ष खेळतात. एक पत्ता म्हणजे एक आठवडा, चार रंग म्हणजे चार ऋतू. पत्ता काढायचा, त्यातली घटना सांगायची, कागदावर काहीतरी काढायचं. इस्पिकचा राजा आला की खेळ खलास. यातली मेख अशी की एकाची पाळी असताना बाकीच्यांनी सल्ला द्यायचा नाही. एखाद्याने आपल्याला न विचारता वस्तीचा निर्णय घेतला असं वाटलं तर गुपचूप मधल्या ढिगातून एक टोकन उचलून स्वतःपुढे ठेवायचं. म्हणजे नाराजी नोंदवली. टोकन म्हणून आम्ही चिंचोके घेतले.

पहिल्या तासाला मी नदीवर बंधारा घातला, जंगलातल्या परक्या टोळीशी तह केला आणि कोठाराची जागा बदलली. मला वाटलं काय झकास चाललंय. मान वर केली तर डॉक्टरपुढे तीन चिंचोके, मैत्रिणीपुढे दोन, मामेभावापुढे चार. कुणी चकार शब्द बोललं नव्हतं. ते नऊ चिंचोके सगळे माझ्या पाळीतले. सीएची बायको चकली खात शांतपणे माझ्याकडे बघत होती.

त्यानंतर मी फक्त झाडं काढली. आणि मग डॉक्टर सुरू झाला. हा माणूस आठ वर्षांत दर बैठकीला मोजून चार वाक्यं बोलायचा, "मी बरं करतो, आठ गुण" या छापाची. त्याने पत्ता काढला, कागदाच्या कोपऱ्यात विहीर काढली आणि म्हणाला, "हिचं पाणी कुणी पीत नाही. का ते लहान मुलांना सांगत नाहीत." बस्स. पुढच्या सगळ्या पाळ्या त्या विहिरीभोवती फिरल्या. इतकी वर्षं मी याच्यासमोर अखंड बोलत होतो, तो बोलणार कधी?

जीएम होशील का, असं डॉक्टरला विचारलं तेव्हा मी दोन गोष्टी शहाणपणाने केल्या. जाड पुस्तकं दिली नाहीत, 'हनी हाइस्ट' दिला. त्याचे नियम एका पानावर मावतात. खेळाडू म्हणजे अस्वलं, जमतील तशा टोप्या घालून मधाच्या मेळाव्यातून मध चोरायला निघालेली. प्रत्येकाकडे दोनच गुण, अस्वलपणा आणि गुन्हेगारी, दोन्ही तीनपासून सुरू. जे करायचं त्या गुणाइतका किंवा कमी फासा पडला की जमलं. मनासारखं झालं नाही की एक अंक गुन्हेगारीतून अस्वलपणाकडे सरकतो. अस्वलपणा सहावर गेला की तुम्ही पिसाळता, खेळातून बाद. दुसरी गोष्ट, ती एक खुर्ची मी फोडली. तारीख मैत्रिणीने ठरवायची, आणि पाचातले तिघे आले तरी खेळायचं, रद्द करायचं नाही. खाणं मामेभावाकडे. डॉक्टरने फक्त गोष्ट सांगायची.

२०२४ च्या दिवाळीच्या सुट्टीत बसलो. डॉक्टरने मधाचा मेळावा नेला थेट महाबळेश्वरजवळच्या मांघरला, २०२२ मध्ये देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर झालं तेच. टोप्यांचा तक्ताही बदलला होता: फेटा, गांधी टोपी, हेल्मेट, माकडटोपी. मी फासे टाकले. निवृत्त पांडा, काम ड्रायव्हर, डोक्यावर पुणेरी पगडी. आठ वर्षांनी माझ्या हातात एक पात्र होतं, आणि काय करायचं ते मला सुचेना! हात सारखा समोर जात होता, तिथे नसलेली बॉक्स फाइल सरळ करायला. डॉक्टरने विचारलं, "पांडा काय करतो?" मी म्हणालो, "म्हणजे... दार किती अवघड आहे?" तो म्हणाला, "पांडाला काय माहीत?"

शेवटी पांडा एका रिकाम्या वडाप जीपमध्ये शिरला. चावी तिथेच, कारण सगळ्यांना ड्रायव्हर ओळखीचा. बाकीची अस्वलं डबे घेऊन पळत आली, मी गाडी काढली, आणि मागे दोन म्हाताऱ्या चढून बसल्या. "वाईला सोडा," म्हणाल्या. पांडाने सोडलं. एक अंक गुन्हेगारीतून कमी झाला, मध सांडला, पोटात दुखेपर्यंत हसलो. घरी जाताना मुद्दाम लांबच्या रस्त्याने गेलो.

सहा महिन्यांनी सीएने स्वतःहून विषय काढला. यावेळी डन्जन्स अँड ड्रॅगन्सच, पण साहस त्याने स्वतः रचलेलं, फक्त बारा पानांचं आणि सगळं एका गडावर. तो दर पावसाळ्यात गड पालथे घालतो. निसरडी पायरी, वाऱ्याने हलणारा दोर, टाक्यातलं गार पाणी, हे त्याला पुस्तकातून शोधावं लागत नाही. मी वहीतला एक जादूगार घेतला. दुसरी पातळी, चौदा गुणांचा जीव, उंचीची भीती.

कड्यावर दोर सुटला. तीस फूट. सीएने क्षणभर विचार केला आणि दहा बाजूंचे तीन फासे उचलले. दर दहा फुटांच्या पडण्याला सहा बाजूंचा एक, हा नियम मला झोपेतून उठवून विचारा. एकोणीस पडले, तेवढे गुण जीवातून गेले. सहा बाजूंच्या तीन फाशांवर अठराच्या वर जाताच येत नाही, आणि सरासरी दहा-अकराच पडतात. त्याने माझ्याकडे बघितलं. "बरोबर ना रे?"

"तू जीएम आहेस," मी म्हणालो.

जादूगार तळाशी बेशुद्ध, मलमपट्टी करणारा डॉक्टर वर कड्यावर. वाचायचं तर वीस बाजूंच्या फाशावर दहा किंवा जास्त हवेत, तीनदा कमी पडले की संपला. मला सात पडले, मग चार, मग नऊ. सगळे गप्प झाले. मैत्रीण म्हणाली, "अरेरे, आत्ताच तर आला होता." मी पिशवीतून वही काढली आणि पुढचं पान उलटलं.