१३४ दिवस

रविवार, २० एप्रिल २०२५

सकाळी सातला धाकटीचा व्हिडिओ कॉल. तिकडे टोरांटोत शनिवारची रात्र, साडेनऊ वाजलेले. "आप्पा, माझी फाईल काढा आधी." तिचं तिथलं पहिलं टॅक्स रिटर्न, ३० एप्रिलच्या आत भरायचं.

मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर ३५ वर्षं दिवाणजी होतो. पट्टी, तोलाई, हमाली सगळं तोंडपाठ. म्हटलं, त्यात काय, फॉर्म १६ बघून आकडे टाक. तर तो जुनी कंपनी देणार जूनमध्ये! आणि त्यातही हिशेब एप्रिल ते मार्च. त्यांचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर. तिथली टी-फोर, म्हणजे वर्षाच्या पगाराची स्लिप, फेब्रुवारीतच हातात पडली म्हणे. आमच्या शेठजींच्या वह्या दिवाळीच्या पाडव्याला बदलायच्या. १९८९ ला सरकारनं सगळ्यांना ३१ मार्चच्या दावणीला बांधलं, तेव्हा ते किती दिवस कुरकुरत होते. आज त्यांचं दुखणं कळलं.

तिला हवा होता जानेवारी ते जुलैचा इथला पगार. पासबुकात पीएफ, टीडीएस कापून उरलेला आकडा, तो उपयोगाचा नाही. शेवटी व्हिसाच्या झेरॉक्सांत जूनपर्यंतच्या स्लिपा निघाल्या, जुलैचा आकडा फायनल सेटलमेंटच्या कागदावर. महिना ७२,०००. सात महिन्यांचे ५,०४,०००. डॉलर साधारण ६१ रुपयांनी धरला, ८,२६० च्या आसपास झाले.

"इथं कापलाय की टॅक्स, परत तिथं कशाला?" ही आतून ओरडली. टॅक्स नाही, इथली कमाई तिथं नुसती सांगायची असते. तिथं केंद्राची मूळ सवलत, म्हणजे जेवढ्या कमाईवर टॅक्स नाही ती, २०२४ ला १५,७०५ डॉलरची, पण जितके दिवस तिथली रहिवासी तितक्याच दिवसांची. त्याआधीची कमाई इथली, म्हणून त्या काळाची सवलत नाही.

मग दिवस मोजायला बसलो. नव्या कालनिर्णयामागं गेल्या वर्षीचं अजून त्याच खिळ्याला आहे. नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, २० ऑगस्टला, ती उतरली. माझे १३३ आले, तिचे १३४. मी व्याजाच्या सवयीनं पहिला दिवस सोडलेला.

"उतरले तो दिवस धरायचा, आप्पा."

धरला. ३६६ पैकी १३४, म्हणजे सवलत ५,७५० च्या घरात.

फोन ठेवल्यावर कालनिर्णय परत खिळ्याला अडकवताना २१ ऑगस्टच्या चौकोनात हिचं अक्षर दिसलं: दूध अर्धा लिटर. त्याच्या आधीच्या सगळ्या चौकोनांत एक.