पुलाखालचं नाव

मंगळवार, रात्री उशिरा

आज पुन्हा तेच झालं. कुरिअरवाल्याचा फोन आला, "मॅडम, पत्त्यात डॉ. आंबेडकर रोड लिहिलंय, नेमकं कुठे यायचं?" मी सवयीने बोलून गेले, "किंग सर्कलचा रेल्वेपूल माहितीये ना? त्याच्या खालून जातो तोच रस्ता." "मग तसं सांगा की!" म्हणाला आणि दहा मिनिटांत पोचलाही. मला मात्र दिवसभर चुटपुट लागून राहिली.

संध्याकाळी मुद्दाम पुलाखाली जाऊन उभी राहिले. डोक्यावरून वडाळ्याकडून माहीमकडे जाणारी हार्बरची गाडी धडधडत गेली, आणि गर्डरमधून गंजाचं पाणी टपकन खांद्यावर पडलं. उंच कंटेनर इथे कितीदा तरी अडकलेत. लोखंडाच्या खालच्या कडेला ओरखडे आहेत, काही जुने काळपट, काही अजून चकाकणारे. पावसाळ्यात शेजारच्या गांधी मार्केटला पाणी तुंबलं की बातम्यांतही 'किंग सर्कल'च. सर्कलचं नाव महेश्वरी उद्यान होऊन किती काळ लोटला! स्टेशनला तीर्थंकर पार्श्वनाथ नाव द्यायचा ठराव २०२४ साली विधिमंडळात झाला. तोंडातून राजा काही जात नाही.

त्याचंही एवढं नाही. पण रस्त्याचं नाव गिळलं जातं, ते मला सहन होत नाही. पूर्वी हा व्हिन्सेंट रोड. आज भायखळ्यापासून शीवपर्यंत बाबासाहेबांचं नाव आहे त्याला, आणि याच रस्त्यालगत, दादरच्या हिंदू कॉलनीत, राजगृह आहे. पुस्तकं मावावीत म्हणून त्यांनी बांधून घेतलेलं घर. नाव कुठून तरी आणून चिकटवलेलं नाही. ते इथे राहिले, इथूनच ये-जा केली.

७ डिसेंबर १९५६ला आजोबा राजगृहापासून दादर चौपाटीपर्यंत गर्दीतून चालत गेले होते. गिरणीतली नोकरी, वय विशीच्या आत. त्या दिवसाबद्दल फारसं बोलायचे नाहीत. पायातली एक चप्पल हरवली होती आणि ते रात्री घरी येईपर्यंत लक्षातच आलं नव्हतं, एवढंच सांगायचे. टॅक्सीत क्वचितच बसायचे, पण बसले की ड्रायव्हरला म्हणायचे, "बाबासाहेबांच्या रस्त्याने घ्या." ड्रायव्हरला कळलं नाही तर पुन्हा तेच, जरा सावकाश. पुलाचं नाव कधी घेतलं नाही त्यांनी.

उद्या सकाळी परळला जायचंय. टॅक्सी करणार आहे.