उदयंपेरूर ते त्रिशूर: एका जुन्या प्रार्थनेच्या मागावर

कोचीहून दक्षिणेला निघालं की त्रिपुणितुऱ्याच्या पुढे उदयंपेरूर लागतं. सहलीच्या यादीत हे गाव सहसा नसतं. वसईच्या कॅथलिक घरात वाढलेल्या मला मात्र तिथं जायचंच होतं, कारण तिथल्या इतिहासाचा एक धागा गोव्याशी जोडलेला आहे. जून १५९९ मध्ये गोव्याचे आर्चबिशप मेनेझिस यांनी इथं धर्मपरिषद भरवली. केरळचे मार तोमा ख्रिस्ती, म्हणजे संत थॉमसचा वारसा सांगणारे ख्रिस्ती, शतकानुशतकं सुरियानी या पश्चिम आशियातल्या जुन्या भाषेत उपासना करत आले होते. त्यांचे बिशप मेसोपोटेमियाकडून, पूर्वेच्या चर्चकडून येत. परिषदेनं त्यांचे ग्रंथ तपासायला लावले. काही दुरुस्त झाले, काही जाळले गेले. त्यांच्या कुर्बानाच्या, म्हणजे आपण ज्याला मिस्सा म्हणतो त्याच्या पाठातही फेरफार झाले. सगळ्यांची प्रार्थना एकसारखी झाली की एकी होईल, अशी मेनेझिस यांची धारणा होती.

झालं उलटंच. ३ जानेवारी १६५३ रोजी मट्टांचेरीला लोकांनी क्रूसाला दोर बांधले, ते धरून जेझुइट मिशनऱ्यांना मानणार नाही अशी शपथ घेतली आणि समाज दुभंगला. पुढे त्याच्या आणखी शाखा होत गेल्या. उदयंपेरूरच्या त्या जुन्या चर्चमध्ये मी बराच वेळ बसलो. एका जुन्या ग्रंथपरंपरेतलं बरंच काही इथल्या निर्णयांमुळे राख झालं, याचं दुःख मला आजही होतं, आणि हे कॅथलिक म्हणूनच सांगतो.

तिथून त्रिशूरला गेलो. स्वराज राउंडच्या मधोमध वडक्कुन्नाथन मंदिर आहे. तिथून चालत जाण्याच्या अंतरावर मार्त मरियम वलियपळ्ळी, म्हणजे मोठं चर्च. हे पूर्वेच्या चर्चचं, म्हणजे पोपच्या अधिकाराखाली नसलेल्या असिरियन चर्चचं, भारतातलं मुख्य ठिकाण; स्थानिक लोक याला कल्दायी चर्च म्हणतात. आणि जवळच पुत्तनपळ्ळी ही सिरो-मलबार कॅथलिकांची, म्हणजे पोपना मानणाऱ्या केरळच्या सुरियानी परंपरेतल्या ख्रिस्तींची, भव्य बॅसिलिका. दोन्हीकडे मूळची पूर्व सुरियानी उपासना, दोन्हीकडचे लोक एकाच मुळाचे, तरी गेल्या दीडशे वर्षांत इथं कटुता भरपूर झाली.

रविवारी सकाळी वलियपळ्ळीत कुर्बानाला बसलो. पहिल्यांदा जाणवला तो आतला साधेपणा. आमच्या वसईच्या चर्चमधल्या वेद्या मूर्तींनी भरलेल्या असतात. इथं डोळा थेट पडद्यावर आणि क्रूसावर जातो. पडदा सरकतो तेव्हा उभ्या असलेल्या माणसांमध्ये एकदम हालचाल होते, म्हाताऱ्या बायका पदर नीट करतात. प्रार्थना बहुतेक मल्याळममध्ये, मध्येच सुरियानी. ‘लाखु मारा’ हे स्तोत्र सुरू झालं आणि मागच्या बाकावरच्या आजोबांनी पुस्तक मिटून ठेवलं. त्यांना त्याची गरजच नव्हती. ख्रिस्तप्रसादाच्या वेळी मी जागेवरच थांबलो. तेवढी एकी अजून झालेली नाही, आणि ते मला टोचलं.

पण जे झालंय तेही थोडं नाही. या चर्चची मुख्य प्रार्थना अद्दई आणि मारी या सुरुवातीच्या काळातल्या दोन धर्मप्रचारकांच्या नावानं ओळखली जाते. आजही वापरात असलेल्या ख्रिस्ती प्रार्थनांमधली ती सर्वांत जुन्यांपैकी एक. तिच्या जुन्या पाठात ‘हे माझे शरीर आहे’ हे येशूचे शब्द सलगपणे येतच नाहीत. रोमन परंपरेत तर हाच अर्पणाचा गाभा! मग ती मिस्सा खरी कशी मानायची? ११ नोव्हेंबर १९९४ रोजी पोप जॉन पॉल दुसरे आणि पूर्वेच्या चर्चचे प्रमुख मार दिन्खा चौथे यांनी ख्रिस्ताविषयीच्या एका श्रद्धेच्या घोषणेवर सह्या केल्या. ख्रिस्ताच्या देवपण आणि माणूसपणाबद्दलचा, इसवी सन ४३१ च्या एफेसस परिषदेपासूनचा वाद तिथं शमला. पुढे २००१ मध्ये रोमनं जाहीर केलं की ही प्रार्थना, ते शब्द सलग नसतानाही, वैध आहे. त्यांचा आशय सबंध प्रार्थनेत विखुरलेला आहे. त्यावरून अडचणीच्या प्रसंगी कल्दायी कॅथलिक (पश्चिम आशियातले, पोपना मानणारे; त्रिशूरचे कल्दायी नव्हेत) आणि असिरियन, म्हणजे पूर्वेच्या चर्चचे लोक, यांना एकमेकांच्या वेदीवर जायची वाट मोकळी झाली. युद्ध आणि स्थलांतरामुळे विखुरलेल्या कुटुंबांसाठी ती तरतूद होती, त्रिशूरसाठी नव्हे. तरी मला ती फार मोठी वाटते. १५९९ मध्ये एकीसाठी दुसऱ्याची प्रार्थना बदलली गेली. २००१ मध्ये ती आहे तशी मान्य केली.

संध्याकाळी पुत्तनपळ्ळीत गेलो. इथंही तीच अद्दई-मारी, मात्र ते शब्द घातलेली. १९६२ पासून कुर्बाना मल्याळममध्ये होऊ लागला. धर्मगुरूंनी लोकांकडे तोंड करायचं की वेदीकडे, यावर सिरो-मलबार चर्चमध्येच अलीकडे तीव्र वाद झाले, तेव्हा घरातली एकीही सोपी नाही. पण शांती देण्याची रीत बघण्यासारखी: वेदीपासून निघालेली शांती जोडलेल्या हातांनी एकाकडून दुसऱ्याकडे जात शेवटच्या बाकापर्यंत येते. माझ्यापर्यंतही आली.

परतताना कल्याणचं नाव मनात येत राहिलं. सहाव्या शतकातला ग्रीक प्रवासी कॉस्मस ‘कल्लियाना’त पर्शियातून नेमलेला बिशप असल्याचं लिहितो, आणि अनेक अभ्यासक ते गाव म्हणजे आपलं कल्याण मानतात. म्हणजे ही प्रार्थना कधीकाळी कोकणपट्टीवरही म्हटली गेली असणार. १९८८ मध्ये त्याच कल्याणच्या नावानं सिरो-मलबार धर्मप्रांत स्थापन झाला. मुंबई-ठाण्यात राहणाऱ्यांनी रविवारी एखाद्या सिरो-मलबार चर्चमध्ये जाऊन मागं बसून बघावं. मल्याळम कळलं नाही तरी चालेल.