मॉनिटरचा बिल्ला

सुवर्णमहोत्सवाची पत्रिका आली, पाठोपाठ स्मरणिकेसाठी चार ओळी लिहा असा फोन आला. शाळेवर लिहायचं तर वही पुरायची नाही, असं वाटलं होतं. पण पेन उघडलं आणि बाईच समोर उभ्या राहिल्या. नाव लिहायची गरज नाही. आपल्या पिढीत नुसतं 'बाई' म्हटलं की त्याच, अबोलीचा वळेसर माळणाऱ्या, गणिताच्या.

१९८३ च्या जूनमध्ये, सातवीत, त्यांनी मला मॉनिटर केलं. पत्र्याचा निळा बिल्ला खिशावर लावताना म्हणाल्या, "मी येईपर्यंत आवाज येता कामा नये. कसं ते तू बघ."

मी बघितलं. महिनाभरात फळ्यावर नावांऐवजी हजेरीचे नंबर लिहू लागलो. हाकही नंबरानेच. मधल्या सुटीत ज्यांच्याबरोबर पातळभाजी-उंडे वाटून खायचो, ते वर्गात 'अठरा' आणि 'सत्तावीस' झाले. हे मला कोणी शिकवलं नव्हतं. घरात मी शेंडेफळ, कुणावर आवाज चढवायची सवयच नाही.

जुलैतल्या एका सकाळी चोडण बेटावरून येणारी फेरीबोट उशिरा सुटली. सत्तावीस नंबर धापा टाकत दारात आला तेव्हा बाई अजून यायच्या होत्या. मी दार अडवलं. "सोड मरे, भिजलां हांव," तो म्हणाला. मी त्याला व्हरांड्याच्या कडेला, पागोळ्यांखाली उभा केला. त्याने दप्तर शर्टाच्या आत घेतलं, पोटाशी धरलं. त्याच्या ओठांचा रंग बदललेला मला दिसत होता. पण मागे वर्ग एकदम चिडीचूप झाला होता, आणि त्या शांततेचा मला आनंद झाला. तो आनंद मी आजही विसरू शकत नाही.

बाई आल्या. पदराने त्याचं डोकं पुसलं, भिजलेली पुस्तकं एकेक करून खिडकीत उघडून ठेवली. मग माझ्या खिशावरचा बिल्ला काढला आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "चूक याची आहे, पण त्याआधी माझी. 'कसं ते तू बघ' म्हणायला नको होतं मी." त्या सोमवारपासून बिल्ला दर आठवड्याला नव्या खिशावर जाऊ लागला. सत्तावीसची पाळी आली तेव्हा त्याने फळ्यावर पहिला नंबर माझाच लिहिला. बाईंनी तो पुसायला लावला आणि तिथे माझं पूर्ण नाव लिहून घेतलं.

पोलीस खात्यात लागल्यावर वाळपईच्या प्रशिक्षण शाळेत एका व्याख्यानात स्टॅनफर्ड विद्यापीठातला प्रयोग ऐकला. १९७१ च्या ऑगस्टमध्ये मानसशास्त्रज्ञ फिलिप झिंबार्डो यांनी तळघरात लुटुपुटीचा तुरुंग उभारला होता. दिवसाला १५ डॉलरवर आलेले साधेसुधे विद्यार्थी. काही कैदी झाले, काही पहारेकरी. पहारेकऱ्यांना खाकी गणवेश आणि काळे चष्मे, कैद्यांच्या अंगरख्यावर नंबर. नंबर म्हटल्यावर माझी मान खाली गेली. छळ इतका वाढला की दोन आठवड्यांचा प्रयोग सहाव्या दिवशी बंद झाला. तो थांबवा असं ठणकावून सांगितलं बाहेरून आलेल्या मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिना मास्लाक यांनी. झिंबार्डो स्वतः तुरुंगाचे अधीक्षक होऊन बसले होते, त्यांना ते दिसेनासं झालं होतं. पुढे जुनी कागदपत्रं तपासली गेली आणि पहारेकऱ्यांना कडक वागायला आधीच सांगितलं होतं, हेही बाहेर आलं. माणूस नुसत्या गणवेशाने बिघडत नाही, वरचा काय बोलतो यावरही ते असतं. आमच्या बाईंना हे एका ओल्या दप्तरावरून कळलं, आणि आपल्या बोलण्याचा दोष त्यांनी पोरांसमोर पदरात घेतला. एवढं मोठं मन मी नंतर कुठल्याच वरिष्ठात पाहिलं नाही.

आज मी निरीक्षक आहे. ठाण्यात नवा शिपाई आला की पहिला दिवस त्याला साध्या कपड्यांत तक्रारदारांच्या बाकावर बसवतो. हुकूम देताना 'कसं ते तू बघ' हे शब्द तोंडाशी आले तरी गिळतो.

शाळेचा तो कौलारू व्हरांडा पाडून स्लॅब घातला, ते बघून जीव हळहळला. पण बाई आहेत. गेल्या चवथीला पाया पडायला गेलो तर त्यांनी आधी विचारलं, "चोडणचा तो कसा आहे रे?" तो तिथेच असतो, बागायत करतो. सोहळ्याच्या दिवशी सकाळी मी रायबंदरच्या धक्क्यावर गाडी घेऊन त्याच्या फेरीची वाट बघत उभा असेन.